बेप्पे निर्दोष आहे

आमच्या अबुधाबीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर टिपणीस नावाचे गृहस्थ राहायचे. त्यांनी एका माणसाला तुरुंगातून सोडवण्यासाठी दोन वर्षं जिवाचं रान केलं. माणूस इटलीतला, जेनोआ शहरातला, नाव बेप्पे. अडचण एवढीच, की हा बेप्पे एका डिटेक्टिव्ह कादंबरीतला होता. टिपणीसांना त्यात काही अडचण वाटत नसे. आम्हालाच वाटायची.

टिपणीस लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. बायको आणि कॉलेजातली मुलगी ठाण्याला, हे इथे एकटे. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की आधी भिंतीवर दोनदा टकटक करायचे, कान लावायचे, आणि डॉक्टर पेशंटला म्हणतात तसं "हं" म्हणायचे. मग बटण. मागे उभे असलेले लोक तोवर घड्याळ बघत असत. मला ते वहिनी म्हणायचे, मी त्यांना भावोजी.

मंदी आली आणि बिल्डिंगमधली कुटुंबं भराभर परत जायला लागली. जाताना कुणी सोफा ठेवून जाई, कुणी मुलांच्या सायकली. पाचव्या मजल्यावरचे लोक खोकंभर इंग्रजी पुस्तकं लिफ्टच्या दाराशी सोडून गेले. भावोजी वाचणारे नव्हेत, पण एका पुस्तकाच्या कव्हरवर जुन्या लिफ्टचं चित्र होतं. झालं, ते पुस्तक वर गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी आमच्या दारात उभे. दाढी नाही, चहा नाही. "वहिनी, घोर अन्याय झालाय," म्हणाले. मला वाटलं, यांचीपण नोकरी गेली.

तर जेनोआ हे म्हणे डोंगराच्या उतारावर वसलेलं शहर. खालच्या वस्तीतून वरच्या वस्तीत जायला लोक सार्वजनिक लिफ्ट वापरतात. अशाच एका लिफ्टच्या खड्ड्यात एक श्रीमंत विधवा मरून पडलेली सापडते. मग एक जाडा इन्स्पेक्टर येतो, तीनशे पानं मासे खातो, आणि शेवटी म्हातारा लिफ्टमन बेप्पे याला पकडतो. का, तर लिफ्ट तिथे नसताना दार उघडायची चावी फक्त बेप्पेकडे. बेप्पेला जन्मठेप, इन्स्पेक्टरला बढती, पुस्तक संपलं.

"फक्त बेप्पेकडे?" भावोजी सोफ्यावरून उठायचे. "मेकॅनिकली शक्य आहे, प्रॅक्टिकली नाही. ती चावी जगातल्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये वॉचमनच्या खुंटीला असते. कुणीही उचलावी, दार उघडावं. या जाड्यानं खुंटी बघितली का? नाही बघितली. मासे खात बसला."

हे एकदा ऐकलं तर गंमत वाटते. आम्ही ते संक्रांतीला ऐकलं, गणपतीत ऐकलं, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला ऐकलं. माझ्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तर त्यांनी माझा कुकर मागवून झाकण वाफेत कसं उघडत नाही आणि लिफ्टचं दारही तसंच कसं, हे समजावून सांगितलं. बायका वाण घ्यायचं विसरून ऐकत बसल्या. दोघींनी बेप्पेच्या बाजूनं मत दिलं. एकीनं विचारलं, त्याला मुलंबाळं किती.

बुटांच्या खोक्याची त्यांनी लिफ्ट बनवली होती, दोऱ्यावर वरखाली जाणारी. विधवेचं काम माझ्या मुलीच्या बाहुलीकडे. मुलगी बिचारी दर शुक्रवारी बाहुली आणून द्यायची आणि विचारायची, "अंकल, इज शी डेड अगेन?"

शेवटी त्यांनी लंडनच्या प्रकाशकाला पत्र लिहिलं. सोबत तीन ड्रॉइंग आणि अकरा सह्या. पुढच्या आवृत्तीत बेप्पेला सोडावं, ही विनंती. आमचा नातूर, म्हणजे वॉचमन, मूसाभाई. त्याच्याकडे सही मागायला गेले तेव्हा मी बरोबर होते. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ये बेप्पे कौनसी कंपनी में है? वीजा कॅन्सल हो गया क्या?" भावोजींनी हो म्हणून सांगितलं. मूसाभाईनं खुंटीवरच्या चावीकडे एकदा बघितलं आणि लगेच सही केली. रजिस्टर पोस्टाला तीस दिरहम लागले, म्हणजे जवळजवळ चारशे रुपये. एरवी टॅक्सीचे सहा दिरहम वाचवायला उन्हात चालणारा माणूस, पण पावती जपून पाकिटात ठेवली.

एका विषयावर मात्र ते गप्प व्हायचे. त्यांच्या कंपनीत सावंत म्हणून जुने टेक्निशियन होते, कुडाळकडचे, पन्नाशीचे. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तेच बघायचे. काम झालं की वर येऊन सांगायचे, "वयनी, आता बिनघोर जावा." मंदीत तेही गेले. कपातीच्या लिस्टमध्ये नाव आलं असेल, असं आम्ही धरून चाललो. मी कधी विचारलं, सावंतांचं काय हो पुढे, की भावोजी म्हणायचे, "आहेत गावी," आणि लगेच बेप्पे काढायचे. मला वाटायचं, किती कोरडा माणूस. पुस्तकातल्या म्हाताऱ्यासाठी जीव टाकतो आणि दहा वर्षं बरोबर काम केलेल्याची चौकशी नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात एका शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात भावोजी, धापा टाकत. तिसऱ्यापासून आमच्या सातव्यापर्यंत जिन्यानं चढून आले होते. लिफ्टवाला माणूस जिन्यानं आला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला कळलं. हातात लंडनचं पत्र.

"लेखक वारलाय, वहिनी. बरीच वर्षं झाली म्हणतात. पुस्तकात आता काही बदलता येणार नाही." खाली बसले. "बेप्पे कायमचा आत."

मी थट्टा करणार होते, पण त्यांचा चेहरा बघून चहाच ठेवला. चहा समोर आला तरी कपाला हात नाही. मग म्हणाले, "सावंतांच्या रिपोर्टचा लेखक मात्र जिवंत आहे."

"कोण?"

"मी."

मग सगळं बाहेर आलं. दुसऱ्या एका टॉवरमध्ये कुणीतरी त्या चावीनं सहाव्या मजल्याचं दार उघडलं आणि नीट लावलं नाही. एक भाडेकरू लिफ्ट आली समजून आत गेला, खाली पाचव्यावर थांबलेल्या लिफ्टच्या टपावर पडला, पाय मोडला. चौकशीत प्रश्न एकच, चावी कुठे होती. चावी वॉचमनच्या खुंटीला होती. अडकलेल्या माणसाला लवकर सोडवता यावं म्हणून खुद्द भावोजींनीच ती तिथे ठेवायला लावली होती. पण ते दिवस नोकऱ्या जाण्याचे होते. मॅनेजरनं टाइप केलेला रिपोर्ट पुढे केला, 'चावी टेक्निशियनच्या ताब्यात', आणि भावोजींनी खाली सही केली. सावंत महिन्याभरात घरी. अनुभवाचं सर्टिफिकेटसुद्धा मिळालं नाही.

मला राग आला. खरं सांगते, हातातली बशी आपटावीशी वाटली. "मग दोन वर्षं तुम्ही इटलीत काय करत होतात, भावोजी?"

"इटली सोपी होती," ते म्हणाले.

खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. नवा रिपोर्ट, सहीसकट. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडलं की मॅनेजरला द्यायचा. नोकरी जाईल, हे त्यांनाही ठाऊक होतं. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, तेही ठाऊक होतं. (पुढच्या महिन्यात गेलीच नोकरी.) पण माझ्याकडे आले होते ते दुसऱ्याच कामाला. सावंतांचा गावचा नंबर दोन वर्षं मोबाइलमध्ये होता, पण लावायचा धीर होत नव्हता. "तुम्ही लावून देता?"

मी लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडे कोंबड्यांचा कालवा आणि सावंतांचा आवाज. भावोजींनी नमस्कार ना चमत्कार, सरळ कागद वाचायला सुरुवात केली, ऑफिसच्या इंग्रजीत, वरपासून खालपर्यंत. वाचून झाल्यावर पलीकडे सावंतांनी कोंबड्या हाकलल्याचं ऐकू आलं.

मग सावंत म्हणाले, "साहेब, तेच्यार सही आसा?"

"आहे."

"मगे ता मराठीत लिवन धाडा. बायलेक दाखवूक होया. ती अजून इचारता माका."

भावोजींनी फोन खाली ठेवला आणि रडले. मीही.

मग दुपारभर आम्ही दोघं डायनिंग टेबलावर त्या रिपोर्टाचं मराठी करत बसलो. मी शब्द सुचवत होते, ते लिहीत होते, इंजिनिअरच्या त्या सुट्या सुट्या अक्षरात. शेवटच्या ओळी मात्र त्यांनी मला न विचारता लिहिल्या. 'सौ. सावंत यांस. चावी खुंटीला होती. ती तिथे ठेवायला मीच सांगितलं होतं. तुमच्या यजमानांची काही चूक नव्हती. मी खोटी सही केली.'

कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बघा वहिनी, त्यांना समजेल ना?"

"समजेल," मी म्हटलं.