पानावर न दिसणारी ओळ

गिऱ्हाईक दुकानात शिरलं, काउंटरवर कुलूप ठेवलं आणि म्हणालं, "रागावू नका हं."

बाबांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. मागे स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसलेली लेक मात्र दचकली. (तशी ती दाराची बेल वाजली तरी दचकायची. या वेळी लॅपटॉप पडता पडता राहिला.)

कुलूप-किल्लीच्या त्या दुकानात बाबांचं आयुष्य गेलं होतं. अलीकडे माशा मारायची पाळी आली होती. "असंच चाललं तर शटर ओढतो आणि तुझ्या काकाच्या दुकानात गल्ल्यावर बसतो," असं ते जेवताना म्हणू लागले होते. काकांच्या हाताखाली बाबा म्हणजे घरात रोज आगीचा बंब बोलवावा लागला असता. म्हणून तिने वेबसाइट काढली आणि इंटरनेटवरच्या शोधात दुकान वर यावं म्हणून मेटा टॅग, म्हणजे पानामागच्या ओळी, लिहायला घेतले. कुठेसं वाचलं होतं की वर्णनाच्या टॅगमध्ये दुकानाबद्दल थोडक्यात आणि खरं लिहावं. तो मजकूर पानावर दिसत नाही, सर्च इंजिनसाठी असतो.

म्हणजे डॉक्टरसारखंच की, तिला वाटलं. त्याच्यापासून काय लपवायचं? शिवाय खोटं लिहिलं आणि त्याने पकडलं तर? तिने मन मोकळं केलं : 'मालकांच्या हातात जादू आहे, स्वभाव तापट आहे. फोन तीनदा उचलत नाहीत, चौथ्यांदा उचलतात. आधी ओरडतात, मग कुलूप उघडून देतात. कृपया सांभाळून घ्या.'

दुसऱ्या गिऱ्हाइकाने दारातूनच विचारलं, "येऊ का आत, की थोड्या वेळाने येऊ?" तिसऱ्या बाई बाबांचं शांत बोलणं ऐकून गोंधळल्या. "मालक बाहेर गेलेत का?"

तिने आत्येभावाला फोन लावला. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा.

"अगं, पानावर दिसत नाही. पण शोधलं की दुकानाच्या नावाखाली तेच दिसतं."

"कुणाला?"

"जो शोधेल त्याला."

"म्हणजे बाबांनाही?"

"मामाला स्वतःचं दुकान शोधावं लागतं का? ओळ बदल आणि थांब थोडी."

थांबणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिला एक टॅग सापडला, नोइंडेक्स नावाचा. 'याची नोंद घेऊ नका' असा त्याचा अर्थ. किती सभ्य शब्द. तिने तो वर्णनाच्या ओळीखालीच चिकटवला. म्हणजे आपण नेमकं कशाबद्दल म्हणतोय ते सर्च इंजिनला कळेल, असा तिचा हिशेब.

ओळ खरंच गेली. पण तो टॅग अख्ख्या पानाला लागू होता, त्यामुळे तिच्यासोबत दुकानही शोधातून गेलं. कितीही शोधा, काकांचं सापडायचं, बाबांचं नाही. माशा परत आल्या. आणि एके दिवशी बाबा चपला घालता घालता म्हणाले, "आज काकाशी बोलून टाकतो."

तिने घाईघाईने टॅग काढला, पण नोंद परत व्हायला वेळ लागणार होता. बाबांना गाठायलाच हवं होतं. ते आधी दुकानच उघडणार, म्हणून तिने तिथे फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रिंग वाजून वाजून थांबली, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर बाबा काकांच्या गल्ल्यावर सुटे पैसे मोजत बसलेले होते.

मग पुन्हा लावला.

"काय आहे?" पलीकडून आवाज कडाडला.

"बाबा, मी बोलतेय. काकांना हो म्हणू नका. गिऱ्हाईक माझ्यामुळे गेलं. मी एक ओळ लिहिली होती, मग ती घालवताना..."

"पाठ आहे मला ती ओळ. येईल तो वाचून दाखवायचा. काका गेला उडत, तू ती आधी होती तिथे लाव."

तिला रडू आलं, आणि रडू आलं की ती भांडायची. "मग फोन का नाही उचललात? इथे माझा जीव जायची वेळ आली."

"फोनच्या शेजारीच बसलो होतो. पण चौथ्यांदा उचलतो असं गावभर सांगून बसलीयस ना? तिसऱ्यांदा उचलून तुला खोटी पाडू का?"