इनास अंकल ‘ग्रोक’ कसे ठरले

आशियातल्या पहिल्या तीन गुप्तहेरांत आपला नंबर लागतो, असं राघो स्वतःच सांगायचा. उरलेले दोन कोण, याचा तपास त्याला अजून लागला नव्हता. खोपटला एसटी डेपोसमोर त्याचं ऑफिस. सहायक म्हणून बायको, सगुणा. तिला पगार नव्हता, आणि राजीनामा द्यायचीही सोय नव्हती.

एका दुपारी कोलशेतहून क्लेमेंटिनाबाईंचा फोन आला. रडतच होत्या. दोघं रिक्षा करून पोचले.

प्रकरण गंभीर होतं. मुलगा ज्यूड जहाजावर, फोन लागत नव्हता. त्याचं लग्न ठरलं होतं हॅनाशी. ती आदल्या दिवशी जेवून गेली आणि घरच्या ग्रुपवर तिनं इंग्रजीत लिहिलं, ‘जेवण भारी! इनास अंकल तर पक्के ग्रोक आहेत.’

ज्यूडच्या शाळेतल्या डिक्शनरीत हा शब्दच नव्हता. तिचे होणारे सासरे, बाईंचे नवरे इनास, चवताळले. लग्न रद्द, आणि रागानं जेवणही सोडलं!

“तिलाच विचारा ना,” सगुणा म्हणाली.

“शिवी देणाऱ्यालाच शिवीचा अर्थ विचारू?” इनास गरजले.

“मग नेटवर बघू?”

“नेट काय, कुणीपण बघतं,” राघो दुखावला. “मग गुप्तहेर कशाला?” त्यानं डोळे मिटले. “ग्रो म्हणजे वाढणं. पुढचा क कोलशेतचा. पोरीचा डोळा तुमच्या जमिनीवर आहे!”

“आमची जमीन कवाच बिल्डरला गेली,” क्लेमेंटिनाबाई म्हणाल्या.

“मग इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचू. काओर्ग! हा नॉर्वेचा स्मगलर वाटतो.”

इनासनी आयुष्यात वसईच्या पलीकडे काही नेलं नव्हतं.

“सापडलं!” राघो ओरडला. “क्रोक! म्हणजे बेडकाचं ओरडणं. इंग्रजी सीला मिशी फुटली की जी होतो. म्हणजे तुम्ही मिशीवाले बेडूक!”

इनासचा हात आपसूक मिशीवर गेला. क्लेमेंटिनाबाईंनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला.

सगुणाला त्यांची दया आली. आलेल्या पाहुण्याला उपाशी कसं ठेवायचं, म्हणून बाईंनी रडतरडतच राघोपुढे कोळंबीचं कालवण आणि गरम फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, ठेवले. तपासानं भूक लागतेच, म्हणून राघो लगेच बसला. तो खाण्यात गुंतलेला बघून सगुणानं बाईंच्या फोनवरून सरळ हॅनाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“ग्रोक? अय्यो, अंकलना राग आला?” हॅना घाबरली. “मला असे जुने, कुणी न वापरणारे शब्द जमवायचा नाद आहे. दुसरा जेवत असताना जो गप्प बसून त्याच्या ताटाकडे बघत राहतो, आपल्याला पण देईल म्हणून, तो ग्रोक. माझे आजोबा सेम तसेच बघायचे. म्हणून तर मला तुमचं घर आपलं वाटलं.”

सगुणानं वळून पाहिलं. क्लेमेंटिनाबाईंनीही पाहिलं. उपाशी इनास राघोच्या ताटातल्या शेवटच्या कोळंबीकडे डोळे लावून बसले होते. मान पुढे, तोंड अर्धवट उघडं.

“आशाळभूत!” बाई म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून मी ओरडतंय, तवा नाय राग आला!”

“भूत?” राघोनं घास थांबवला. “ही शक्यता माझ्या लक्षात होतीच.”

इनास लाजले. बराच वेळ मिशी कुरवाळत राहिले. मग फोनजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, “पोरी, रविवारी ये जेवायला. आणि ऐक... तुझ्या ताटात कोळंबी जरा जास्तच वाढून घे.”