दहा पोरांची बाटली

मन्मथआप्पांच्या घरी तुम्ही एकटेच गेलात तर बिस्किटं मिळायची नाहीत. माणूस कंजूष नव्हता. पुडा फळीवर समोरच दिसायचा. पण एकदा फोडला की तो त्याच बैठकीत संपला पाहिजे, असा त्यांचा नेम. म्हणून पाहुणा आला की आप्पा आधी ओट्यावर जाऊन रस्त्यानं जाणाऱ्यांना हाका मारत. "ओ मास्तर, या की, बिस्किट खाऊन जा." मास्तर, मागून एखादा सायकलवाला, त्याच्यामागून आणखी कोणी, अशी पुरेशी तोंडं जमली की पुडा फुटे. मी खोली बघायला गेलो त्या दिवशी माझ्या शेजारी बसून एक गृहस्थ चहा पीत होते. त्यांची म्हैस बाहेर खांबाला बांधलेली होती. ते बाजाराला निघाले होते आणि त्यांना आप्पांचं नावही माहीत नव्हतं.

"फोडलं का संपवायचं," आप्पा मला म्हणाले. "उघडं ऱ्हायलेलं जिन्नस फिजूल जातंय."

हा नेम बिस्किटांवर थांबत नसे. दाढीचं नवं पातं काढलं की घरातल्या सगळ्या पुरुषांना एका ओळीत बसून दाढी करावी लागे. भाडेकरूही त्यात धरलेला. माझ्या दाढीला त्या काळात जी शिस्त होती, ती आप्पांमुळे.

ही गोष्ट चाकूरची. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि माझी नांदेडहून तिथं बदली झाली होती. ऑफिसातल्या कागदांवर अजून उस्मानाबाद छापलेलं असे. त्यावर रेघ मारून लातूर लिहिणं हे माझं मुख्य काम. खातं पाटबंधाऱ्याचं, आणि पाऊस सलग दोन वर्षं दगा देऊन गेलेला. बंधारे होते, पाट होते, पाणी तेवढं नव्हतं. मी संध्याकाळी परतलो की आप्पा घरापुढच्या आपल्या किराणा दुकानातून विचारत, "काय पाटबंधारे, आज कुठं अडवलं पाणी?" गिऱ्हाइकं हसत. मीही हसे. भाडं कमी होतं.

त्या उन्हाळ्यात गोवराची साथ आली. गोवर आलेल्या घरात फोडणी द्यायची नाही, ही तिकडची रीत. दाराला लिंबाचा डहाळा लागायच्या आधीच वासावरून कळे. मी ऑफिसातून येताना नाक वर करून चाले. काल ज्या घरातून लसणाचा वास येत होता तिथून आज काहीच आलं नाही, की मी वाट बदलून लांबून घरी जाई. आमची मीनू नऊ महिन्यांची झाली होती. आप्पांचा नातू बसू दीड वर्षाचा. दोघं दिवसभर एकाच पायरीवर खेळत आणि एकमेकांचं उष्टं खात.

गोवराची लस तेव्हा नवीन होती. लातुरात खासगी डॉक्टरांकडं पैसे टाकून मिळे, असं कळल्यावर मी रजा टाकून गेलो. साथीची बातमी माझ्याआधी पोचली होती. ज्यांच्याजवळ मोटारी होत्या त्यांनी लस कधीच संपवली होती. मी उसाचा रस पिऊन परत आलो. बायको म्हणाली, "रस तरी बाटलीत भरून आणायचा."

राहिल्या सरकारी नर्सबाई. त्या मंगळवारी शाळेत येत, बर्फाचा डबा खांद्याला लावून. पहिल्या मंगळवारी तिथं तीनच पोरं आली: मीनू, बसू आणि मास्तरांची मुलगी. बाईंनी डबा उघडला नाही.

"एका बाटलीत दहा पोरं होतात," त्या म्हणाल्या. "फोडली की दिवसाअखेर उरलेली फेकायची. तिघांसाठी फोडून सात पोरांची लस मी मातीत ओतू? पुढच्या गावात काय पाणी टोचू?"

मी म्हणालो, "बाई, गल्लीत साथ आहे."

"साथ सगळीकडेच आहे, साहेब."

मागून आप्पांचा आवाज आला, "बाई बराबर बोलायल्यात." त्या क्षणी मला ती खोली सोडून द्यावीशी वाटली.

पण दुसऱ्याच दिवशी आप्पा दुकान सुनेवर टाकून पोरं गोळा करायला निघाले. मलाही सोबत घेतलं, कारण मी सरकारी दिसत होतो. गल्लीतल्या काही जणी म्हणाल्या, देवीच्या वाटेत सुई घालायची नाही. काहींना आप्पांनी उधारी बंद करीन म्हणून दम दिला, आणि घरी येऊन स्वतःच म्हणाले, "असं बोलाय नको होतं." तरी आधीची तिघं धरून पाचच पोरं झाली. मग आम्ही गावाबाहेर दुष्काळी कामावर गेलो. तलावाच्या भरावासाठी बाया दगड फोडत होत्या आणि तान्ही पोरं बाभळीला टांगलेल्या झोळ्यांत झोपली होती.

त्यांच्यात गयाबाई म्हणून एक होती. हातोडा खाली न ठेवताच ती आप्पांशी बोलली.

"मागच्या सुईला पोरगं दोन दिस तापलं. पोराला घिऊन बसले, माझी हजेरी गेली. आता परत?"

"ती हजेरी मी देतो," आप्पा म्हणाले.

"तुमी देताल. पर मला सांगा आप्पा, तुमच्या नातवाची सुई अडकली म्हणून आलाव न्हवं? बाटली फोडायपुरती आमची पोरं. बाटली कमी पडली की मागं कुणाला सारणार? मोठ्यांच्या लेकराला का आमच्या?"

आप्पांनी उपरण्यानं मान पुसली. मग म्हणाले, "माझा बसू शेवटाला उभा ऱ्हाईल. तुमची सगळी झाल्यावर."

"सगळ्यांसमोर म्हणा."

त्यांनी मोठ्यानं म्हटलं. हातोडे थांबले होते.

मंगळवारी बाया पोरं घेऊन आल्या. आप्पा दारात उभे राहून मोजत होते, बसूला धरून बरोबर दहा. बाईंनी बाटली फोडली. मीनू तिसरी होती. ती रडली आणि मला इतकं हलकं वाटलं की मी उगाच मास्तरांशी पावसाबद्दल बोलू लागलो. एवढ्यात गयाबाईची बहीण दारात आली. मुखेडकडून आदल्याच दिवशी कामाला आलेली, कडेवर पोरगी. त्या पोरीला मोजणीत कोणी धरलंच नव्हतं.

आप्पांची सून बसूला घेऊन शेवटी उभी होती. ती हळूच आप्पांकडं बघू लागली. आप्पा पोरीच्या आईला म्हणाले, "ये माय, फुडं ये."

बाईंनी पोरीला टोचलं आणि बाटली उजेडात धरली. तळाला काही नव्हतं. डब्यात आणखी एक बाटली होती, पुढच्या गावाची. बाईंनी डब्याच्या झाकणावर हात ठेवला. "आप्पा," त्या म्हणाल्या, "फोडू का?"

सून म्हणाली, "मामंजी."

आप्पांनी मान हलवली. "न्हाई. तिकडं पोरं जमून बसली असतील."

त्या दिवसापासून सून त्यांच्याशी बोलेनाशी झाली. आप्पांनीच तिला आणि बसूला शेतातल्या गुरांच्या कोठ्यावर धाडलं. तिथं शेजारपाजार नाही, साथ पोचायची नाही. दुकानाला कुलूप लावून आप्पाही गेले. मी ऐकलं आणि भाकरी घेऊन बघायला निघालो.

कोठा विहिरीच्या पलीकडं. आप्पा अलीकडं एका बाभळीखाली, घोंगडी टाकून एकटे. मधे कोरडी विहीर.

"इकडं का बसलात?"

"मी घरोघर फिरलो न्हवं. माझ्या अंगाला लागलं असल तर?"

"लहानपणी गोवर येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा होत नाही, त्याच्यापासून लागतही नाही. नर्सबाईच म्हणाल्या."

"बाई शिकलेल्या हाईत," आप्पा म्हणाले. "पर नातू माझा हाय." आणि दोन्ही हात तोंडापाशी धरून विहिरीपलीकडं ओरडले, "बसू, म्हैस कशी बोलती रं?"

पलीकडून बारीक आवाज आला. आप्पा ऐकून घेत, हसत, पुन्हा ओरडत. कावळा झाला, कुत्रं झालं, गाडीचा भोंगा झाला. त्यांचा घसा बसला होता. मधूनच ते गप्प होऊन कान देत; बसू शिंकला तर ती शिंक गोवराची की धुळीची, असं मला विचारत. मी धुळीची म्हणायचो. मला काय कळत होतं?

पुढच्या मंगळवारी पोरं जमवायला मला फारसं फिरावं लागलं नाही. आधीची दहाही पोरं धडधाकट होती आणि गयाबाईनं कामावर ते सगळ्यांना सांगितलं होतं. दुसरी बाटली फुटली. बसूला सुई बसली, तो भोकाड पसरून आप्पांकडं झेपावू लागला, आणि आप्पा अजूनही लांब, फाटकापाशीच उभे. सूनच चालत गेली आणि पोरगं त्यांच्या हातात दिलं. "घ्या," एवढंच म्हणाली.

परतताना मी त्यांच्या बरोबर होतो. शाळा मागं पडल्यावर आप्पा म्हणाले, "पाटबंधारे, त्या दिशी बाईनं इचारलं म्हणून मी न्हाई म्हणलं. न इचारता फोडली असती ना, मी तोंड फिरवून उभा ऱ्हायलो असतो. येक शबूद बोललो नसतो."

मी माझा रुमाल काढून बसूच्या डोक्यावर टाकला.

"ह्ये कुणाला सांगू नका," ते म्हणाले.

बसू रडून रडून त्यांच्या खांद्यावर झोपला होता. दुकान आलं, घर आलं. मी पायरीशी थांबलो. आप्पा थांबले नाहीत. त्याचं डोकं हलू नये म्हणून एक हात मागं धरून ते तसेच पुढं चालत राहिले.