सोमवारी साडेसातला खून

"सोमवारी सायंकाळी साडेसात वाजता खून होईल. इच्छुकांनी पाच मिनिटे आधी आपापल्या जागेवर बसावे. नोंद घ्यावी!"

संगमनेरच्या कॉलेजात नोकरी लागून मी गल्लीत खोली घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, हे वाक्य माझ्या कानावर आदळलं. तोंडातला ब्रश तसाच ठेवून बाहेर आलो. शेजारच्या गच्चीवर लेंगा-बनियनमधले एक उंच गृहस्थ उभे होते. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात अँटेनाचा खांब. घसा खाकरून ते पुढे म्हणाले, "बुधवारी भट्टीशिवाय भाजण्याचे पदार्थ. शुक्रवारी परसबाग. शनिवारी विनोदी नाटिका. ज्यांना हसू येत नाही त्यांनी त्या वेळेत दळण आणावे."

मी घाबरून घरमालकांकडे पाहिलं. ते शांतपणे दाढी करत होते. "ते तात्या गुंजाळ," ते म्हणाले. "टीव्हीवरचा आठवडा सांगतात. सवय होईल."

झालीच. तात्यांची सारी हयात एसटीच्या स्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात गेली होती. नाशिक गाडी कुठल्या फलाटावर लागणार, पुणे गाडी किती उशिरा येणार, हे त्यांच्याच तोंडून ऐकून तालुक्याची एक पिढी प्रवासाला गेली. निवृत्तीनंतर खिडकी सुटली, माईक सुटला, आवाज मात्र सुटला नाही. एवढा मोठा आवाज घरात ठेवायचा कुठं? तेव्हा मराठी कार्यक्रम संध्याकाळी ठरावीक वेळीच लागत आणि केबल आमच्या गल्लीत यायची होती. तात्यांनी ती सगळी वाहतूक अंगावर घेतली.

त्यांच्या मते प्रत्येक कार्यक्रम ही एक गाडी होती. कार्यक्रमात व्यत्यय आला की "पंक्चर". जाहिराती म्हणजे "चहापाण्याचा थांबा". मालिका उगाच लांबली की म्हणायचे, "हिला डायव्हर्शनला टाकलीय." नाटिकेतल्या विनोदांवर ते कधी हसत नसत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसत आणि नाटिका संपली की निकाल देत, "चौदा प्रवासी हसले. बरी गेली."

एरवी ते बोलायचे आमच्यासारखंच, "काय रं, जेवला का न्हाई?" पण माहिती द्यायची वेळ आली की भाषा इस्त्री होऊन यायची. आणि माहितीच्या बाबतीत ते भलते कडक. "चाळीस वर्षांत एक गाडी चुकीची सांगितली न्हाई म्या," हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचं. त्यांची पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली होती. घरात ते एकटेच. मुलगा आहे असं गल्ली सांगायची, पण कुठं असतो हे विचारलं की विषय बदलायची.

पुढच्याच उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारी तात्यांनी घोषणा केली, की सोमवारच्या गुन्हेगारी मालिकेचा शेवटचा भाग असून "खुनी कोण हे याच फेरीत कळेल". गल्ली तीन महिने या क्षणाची वाट पाहत होती. आमच्या समोरच्या वाखारेबाईंनी तर पाहुण्यांना परस्पर कळवलं होतं, की सोमवारी येऊ नका.

आणि सोमवारी दुपारी गल्लीची विजेची डीपी जळाली. मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि सगळी गल्ली गार पडली. वायरमन वर बघून आला आणि म्हणाला, "आठवडा धरून चाला."

माणसं रस्त्यावर आली. वाखारेबाई तरातरा आत गेल्या, पिशवी भरली आणि नगरला बहिणीकडे निघूनच गेल्या. बाकीच्यांना नगरला बहीण नव्हती. तेवढ्यात तात्या घरातून बाहेर पडले. इस्त्रीचा शर्ट, पायात चपलांऐवजी बूट, खिशात एसटीचा पास.

"कोपरगावला मेव्हणा हाय माझा," ते म्हणाले. "त्याच्याकडं बघून येतो. उद्या संध्याकाळी सांगतो. प्रक्षेपण चोवीस तास उशिराने होईल, नोंद घ्यावी."

मंगळवारी संध्याकाळी तात्यांच्या पायरीसमोर सतरंज्या पडल्या, दोन कंदील लागले. तात्या उभे राहिले आणि त्यांनी खून सांगायला सुरुवात केली. दार वाजलं की स्वतःच पायरीवर टकटक करायचे, गाडी सुरू झाली की घशातून घरघर काढायचे. मधेच थांबून, "आता चहापाण्याचा थांबा," म्हणून पाणी प्यायचे. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "आणि खुनी निघाला... ड्रायव्हर!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. घरमालक मात्र जरा गोंधळले. "पण ड्रायव्हर तर दुसऱ्याच भागात मेला होता ना?"

"दुसरा ड्रायव्हर," तात्या ठामपणे म्हणाले. "बदलीचा."

बुधवारी ते पुन्हा गेले. गुरुवारी आले ते एक डबा घेऊन. संध्याकाळी सतरंजीवर बसलेल्या बायकांना त्यांनी केकची कृती सांगितली. कुकरची शिट्टी काढून ठेवायची, तळाला वाळू घालायची, ती आधी चांगली तापू द्यायची, मैदा दोनदा चाळायचा, जायफळ किसून टाकायचं पण नखाएवढंच, आणि भांडं आत ठेवल्यावर "लई वेळा झाकण उघडून बघायचं न्हाई. केक लाजतो." मग डबा उघडला. आत पिवळाधमक, कडेला जरासा करपलेला केक होता.

"हा टीव्हीतून काढला काय तात्या?" कुणीतरी विचारलं.

"नमुना म्हणून आणलाय," तात्या म्हणाले आणि सगळ्यांना बोटाएवढा तुकडा दिला. मी खाल्ला. इतका चांगला केक मी तोवर खाल्ला नव्हता. मेव्हण्याच्या घरी कोणीतरी हौशी बाई आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

शुक्रवारी परसबागेसाठी ते तिसऱ्यांदा गेले. शनिवारी सकाळी परतले तेव्हा नखांत माती होती, लेंग्याच्या गुडघ्यांवर चिखलाचे गोल होते आणि चेहरा असा फुललेला, की परसबागेचा कार्यक्रम बघून माणसाचा तसा होत नाही.

पण गल्लीत वेगळाच कार्यक्रम लागला होता. पहाटे डीपी बदलून वीज आली होती आणि तिच्यापाठोपाठ पहिल्या गाडीने वाखारेबाईही आल्या होत्या. तात्यांनी सांगितलेला खून आणि केक गल्लीकडून ऐकून घेऊन त्यांनी भर चौकात तात्यांना गाठलं.

"तात्या, खुनी ड्रायव्हर नव्हताच! सख्खा भाऊ होता! मी डोळ्यांनी बघितलं नगरला."

तात्या थांबले.

"आणि बुधवारी केक कुठला? नानकटाई होती. नानकटाई! मला सांगा, तुम्ही टीव्ही बघितला तरी का?"

दारादारांत माणसं उभी होती. तात्या काहीतरी खणखणीत बोलतील, बदलीचा भाऊ वगैरे काढतील म्हणून आम्ही वाट पाहिली. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"माहिती चुकली," ते म्हणाले. "प्रवाशांची गैरसोय झाली. दिलगीर आहोत." आणि घरात गेले. दार लावून घेतलं.

वाखारेबाई इतक्या चपापल्या की दुपारी स्वतःच वाटीभर आमटी घेऊन गेल्या. दार उघडलं नाही.

माझं गाव कोपरगावच्या पुढं. शनिवारी दुपारी मी घरी जायला स्टँडवर आलो, गाडीत चढलो, तर खिडकीशी तात्या. दाढी केलेली, शर्ट पुन्हा इस्त्रीचा, मांडीवर पिशवी. मी शेजारी बसलो. गाडी गावाबाहेर पडली.

"तात्या, लाईट आली की आज," मी शेवटी म्हणालो.

"आली."

"मग आता कोपरगावला?"

उसाची रांग मागं पडली, मग ते म्हणाले, "त्यांना कुठं माहीत हाय अजून?"

मग त्यांनी सांगितलं. घोषणेच्या आवाजात नाही, साध्या आवाजात. इंजिनाच्या घरघरीत मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

कोपरगावला मेव्हणा नव्हता. विलास होता, त्यांचा एकुलता एक मुलगा, साखर कारखान्यात कामाला. त्याने रूथशी लग्न केलं होतं. ती श्रीरामपूरकडच्या एका ख्रिस्ती मास्तरांची मुलगी. तात्यांनी तेव्हा सांगितलं, की या घराचं दार तुला बंद. आई गेली तेव्हा विलास आला, बाहेर उभा राहिला, खांदा दिला आणि न जेवता परत गेला.

"सोमवारी डीपी उडाली," तात्या म्हणाले, "आणि मला वाटलं, आता जाता येतंय. नुसतं कसं जायचं? काय सांगून जायचं? दारात उभा राहिलो अन् म्हटलं, आमच्याकडं लाईट न्हाई, मालिकेचा शेवटचा भाग हाय."

"मग?"

"इलास काय बोलला न्हाई. सुनेनं आत घेतलं. त्यानं टीव्हीचा आवाज जरा मोठा केला अन् माझ्याकडं पाठ करून बसला. येवढंच."

"आणि खुनी?"

"कुणाला ठाऊक? नात हाय मला. तीन वर्षांची. मी आजवर बघितलीच नव्हती. मालिका लागली अन् ती येऊन मांडीवर बसली. तिच्या केसांतनं काय दिसतंय? एक जण गाडी चालवताना दिसला, म्हटलं त्योच असंल."

मला हसू आलं. तेही हसले. नाटिकेतल्या विनोदांवर कधीही न हसणारे तात्या पोट धरून हसत होते आणि मधेच त्यांनी रुमाल काढून तोंडावर धरला तो बराच वेळ तसाच ठेवला.

केक सुनेनं केला होता, नातीच्या हट्टापायी. कालची परसबाग म्हणजे अंगणातल्या डब्यात आजोबा आणि नातीने मिळून लावलेली गुलाबाची फांदी.

"इलास बोलला का मग?"

"काल इचारलं त्यानं. गोळ्या येळच्या येळी घेता का म्हणून." मग म्हणाले, "पर आज लाईट आली. आजची नाटिका बघायला म्हणून निघालोय खरा, पर त्याला कळलं तर म्हणंल, आता कशाला आलात?"

कोपरगावच्या स्टँडवर आम्ही उतरलो. मला पुढची गाडी पकडायची होती, पण माझे पाय निघेनात. तात्यांनी शर्ट सारखा केला आणि वळले तर समोर सायकल धरून एक तिशीचा माणूस उभा. तोच उंचपणा, तेच कान.

तात्यांनी घसा खाकरला. "इलास, आमच्याकडं अजून लाईट..."

"आली पहाटेच," विलास म्हणाला. "आमच्या पाळीत संगमनेरचा माणूस हाय. त्यानं सांगितलं."

चाळीस वर्षं हजारो माणसांना न अडखळता माहिती देणारा तो माणूस एका मुलासमोर गप्प उभा राहिला. विलासने पुढे होऊन तात्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि सायकलच्या हँडलला अडकवली.

"चला तात्या," तो म्हणाला, "पोरगी दारात उभी हाय केव्हाची."