दोन मशीननी सांगितलं!

"येता रईवारले फकीरभाई मले उस्ताद म्हनी! म्हनी म्हंजे म्हनीच!" धर्मेंद्र पाटलांनी सकाळच्या चहालाच जाहीर करून टाकलं.

"आधी कोंबड्यास्नं पानी दखा," चारुलताबाई म्हणाल्या. त्यांना या घोषणेची सवय होती.

आता ही उस्तादकी काय भानगड, ते सांगायला हवं. नवापूरच्या बाजारात फकीरभाईंचं कोंबडी-खाद्याचं दुकान. त्याच्या ओट्यावर दर रविवारी बुद्धिबळाचा डाव बसायचा. पाटलांची पोल्ट्री गावाबाहेर. ते खाद्य न्यायला म्हणून यायचे आणि डाव हरून, खाद्य विसरून परत जायचे. ओट्याचा कायदा असा, की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पुढच्या डावापर्यंत चारचौघांत 'उस्ताद' म्हणायचं. पाटलांची जीभ हा शब्द उच्चारून झिजत आली होती. भर लग्नात, पंगतीत बसून, "उस्ताद, जरा मठ्ठा इकडे सरकवा," असं म्हणावं लागलं होतं हो! स्वतःच्या कानांनी मात्र तो शब्द एकदाही ऐकला नव्हता. एकदा, फक्त एकदा ऐकायचा होता, तोही फकीरभाईंच्या तोंडून आणि बाजारासमोर.

ओट्यावरचा खेळ जुन्या देशी रीतीचा. प्यादं एका वेळी एकच घर चालणार, आणि शेवटच्या रांगेत ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच मोहरं होणार. मागे एकदा फकीरभाईंनी उंटाच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर करायचं म्हटलं, तेव्हा पाटलांनीच आकाशपाताळ एक केलं होतं. "रीत म्हंजे रीत! बापदादास्नी रीत शे ती!" फकीरभाईंनी मुकाट्याने उंट ठेवला, आणि त्या उंटानेच पाटलांना मात दिली, ते जाऊ द्या.

गेल्या रविवारी डाव ऐन रंगात आला असताना सुरतेहून खाद्याचा ट्रक आला. फकीरभाईंनी पटावर कोंबड्या झाकायची पाटी पालथी घातली.

"हप्ताभर विचार कर, पाटील. जेले विचारनं व्हई तेले विचार!"

विचारायला कोण, ते पाटलांनी आधीच ठरवलं होतं. पाटी पडायच्या आत त्यांनी पटाचा फोटो काढला होता.

घरी आल्यावर त्यांनी मोहरी फोनमधल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये मांडली. पाटलांकडे राजा, हत्ती आणि डावीकडून दुसऱ्या पट्टीत पुढे घुसलेलं एक प्यादं. फकीरभाईंकडे राजा, हत्ती आणि तीन प्यादी. फोन म्हणाला, बरोबरी. पाटलांना बरोबरी नको होती! त्यांनी लॅपटॉपवर दुसरा, दांडगा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि त्याला कामाला जुंपलं. लॅपटॉप विचार करू लागला. विचार करता करता असा तापला, की त्यावर भाकरी शेकता आली असती.

पाटील हटणारे नव्हते. त्यांनी शेडमधला मोठा पंखा उचलून आणला आणि लॅपटॉपसमोर लावला.

चारुलताबाई शेडमधून तरातरा आल्या. "अहो, कोंबड्या गर्मीमा हापी ऱ्हायन्यात अन् तुम्ही त्या डबाले वारा घाली ऱ्हायनात?"

"दोन घडी थांब! तो विचार करी ऱ्हायना!"

"कोनी तरी घरमा विचार करस, हाई बरं शे," असं म्हणून त्या सुपाने कोंबड्यांना वारा घालायला गेल्या.

अखेर शनिवारी संध्याकाळी लॅपटॉपने निकाल दिला: हत्ती देऊन टाका! एकुलता एक हत्ती, फुकट? पण पुढच्या चाली पाहिल्या आणि डोळे चमकले. फकीरभाईंच्या हत्तीला तो हत्ती मारावाच लागतो, तो परत येईपर्यंत प्यादं शेवटच्या रांगेत पोचतं, वजीर होतं आणि खेळ खलास! त्यांनी हत्ती दिल्यानंतरचा डाव फोनमध्ये मांडला. फोनही म्हणाला, पाटील जिंकले!

"चारू!" पाटील ओरडले. "दोन मशीननी तपासं! दोन्हीस्नं एकच म्हननं शे! फकीरभाई आते वाचत नही!"

नेमके तेव्हाच शेजारच्या मळ्यातले रेवजी पाण्याचा पाइप मागायला दारात आले होते. नवापुरात मोठं दुखणं निघालं की माणूस सुरत गाठतो आणि तिथे मशीनखाली तपासून घेतो. दोन-दोन मशीननी तपासलं म्हटल्यावर रेवजींना पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. ते पाइप न मागताच बाजाराकडे धावले.

रविवारी पाटील इस्त्रीचा शर्ट घालून पोचले, तर ओट्यावर जत्रा! कोणी शहाळं आणलेलं, कोणी डाळिंबं. आणि फकीरभाई मधोमध बसून खाताहेत!

"पाटील, हाई काय लफडं शे? सकायपासून लोके मन्ही नाडी दखी ऱ्हायनात!"

"भाऊ, मशीननी सांगं ना?" रेवजी रडवेले होऊन म्हणाले.

पाटलांनी सगळा उलगडा केला. लोक हसले, पण उठून कोणीच जाईना. दोन मशीननी जिंकलेला डाव कोण सोडतो? पाटलांची छाती भरून आली. एवढा बाजार जमला होता, उस्ताद व्हायला यापेक्षा चांगला दिवस कुठला!

फकीरभाईंनी पाटी उचलली. पाटलांनी खाडकन हत्ती दिला! गर्दीतून "अरारारा!" निघालं. फकीरभाईंनी हत्ती मारला. प्यादं एक घर पुढे. फकीरभाईंचा हत्ती परत फिरला, तोवर प्यादं शेवटच्या रांगेत! पाटलांनी बाजूला पडलेला वजीर उचलून दणक्यात पटावर ठेवला.

"म्हना आते!"

फकीरभाई शहाळ्याची नळी तोंडात धरून पटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाटील, हाई घर कोनं शे?"

पाटलांनी खाली पाहिलं. डावीकडून पहिलं घर हत्तीचं. दुसरं...

"घोडानं," पाटील पुटपुटले.

"मंग घोडा ठेव. रीत म्हंजे रीत! बापदादास्नी रीत शे ना?"

मशीनना अवघ्या जगाची रीत ठाऊक होती, या ओट्याची कोणी सांगितलीच नव्हती! पाटलांनी वजीर उचलला आणि घोडा ठेवला. तो बिचारा एकटा घोडा हत्तीपुढे आणि तीन प्याद्यांपुढे किती नाचणार? शहाळं संपायच्या आत मात बसली.

सगळा बाजार पाटलांच्या तोंडाकडे बघत होता. पाटलांनी रिकामं पोतं पुढे केलं.

"खाद्य भरी द्या... उस्ताद."

"भरस ना! अन् तुन्हा त्या मशीनले एकदा आठे धाड. शिकाडसू तेले."

पाटील घरी आले तेव्हा पंखा लॅपटॉपवरच गरगरत होता आणि पडद्यावर अजून तेच झळकत होतं: पाटलांचा विजय. चारुलताबाईंनी विचारलं, "कोन जितनं?"

"मीच!"

"आं? कोठे?"

पाटलांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "आठे."

चारुलताबाईंनी पंखा उचलला आणि कोंबड्यांकडे नेला.