भोरड्यांच्या पचनाची सरकारी चौकशी

सन १९३४च्या पौषात शेळगावच्या शिवारात भोरड्या, ती साळुंकीएवढी गुलाबी-काळी पाखरं, ज्वारीवर उतरल्या. तशा त्या दर हिवाळ्यात उतरतात आणि लोक रानातल्या माळ्यावर चढून गोफणीने त्यांना हुसकावतात. या पद्धतीत कागद लागत नसल्यामुळे ती शेतकी कचेरीला पसंत नव्हती. मी त्या कचेरीत, बारामतीला, हंगामी कारकून होतो आणि कायम होण्यासाठी उतावीळ झालो होतो.

शोध माझाच. तूप ओतून पुरणपोळी हाणली की मला संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही आणि कामही सुचत नाही, हे मी स्वतःवर वर्षानुवर्षं कसोशीने तपासलं होतं. मग पाखराच्या पोटात स्निग्ध पदार्थ गेला तर तेही कमीच खाईल! तसं टिपण मी साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी त्यावर लाल शाईने ‘प्रयोग करावा’ असा शेरा मारला आणि माझी छाती फुगली.

प्रयोगासाठी द्वारकाबाईचं एकरभर रान निवडलं. बाई एकटी, वर्षाची भाकरी त्याच रानावर. त्यामुळे हरकत घेणारं कोणी नव्हतं. बांधावर दोन पराती मांडल्या. एकीत कोरडी ज्वारी, दुसरीत करडईच्या तेलात भिजवलेली. तेलाची मंजुरी पुण्याहून यायची होती, म्हणून तूर्त तेल बाईच्याच घरचं घेतलं.

“सायेब, थवा आला. गोफण फिरवू का?”

“मुळीच नाही. पाखरू दचकलं की त्याचं पचन बिघडतं, आकडे चुकतात.” मी गोफण ताब्यात घेऊन रीतसर पंचनामा केला.

“आन् माझी कणसं?”

“ती प्रयोगाच्या कक्षेबाहेर आहेत, बाई.”

कोरड्या दाण्यांना हळद आणि तेलकट दाण्यांना कुंकू चोळून मी घड्याळ घेऊन बाभळीखाली बसलो. वरून पिवळं पडलं की एक वेळ टिपायची, लाल पडलं की दुसरी. काही नोंदी थेट माझ्या टोपीवर झाल्या, त्याही ग्राह्य धरल्या. कोरडा दाणा पाऊण तासात बाहेर येई, तेलकट दीड तासात. तेल खाल्लेलं पाखरू निम्मंच खाई आणि बाभळीवर डोळे मिटून बसे. मला आनंदाने जेवण जाईना.

पण जड पोटाने बसलेली पाखरं उडेनात. ती निवांत बसलेली पाहून वरून जाणारे थवे खाली उतरू लागले. शंभर भोरड्यांच्या आठवडाभरात दोन हजार झाल्या. प्रत्येक भोरडी मात्र इमानेइतबारे निम्मंच खात होती.

“तुमचं पाखरू कमी खातंय, ते मला बी दिसतंय,” द्वारकाबाई म्हणाली. “पर कणसात दाना न्हाय ऱ्हायला, सायेब. त्याचं काय?”

“बाई, नासाडी दर पाखरामागे मोजायची असते.”

मला लाज वाटली, खोटं सांगत नाही. पण दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला यायचे होते.

साहेबांनी दुर्बिणीतून पेंगणाऱ्या भोरड्या पाहिल्या आणि ते गहिवरले. दुर्बीण बाभळीच्या शेंड्यावरून खाली काही आली नाही. मग मी बाईपुढे समाधानपत्र धरलं.

“अंगठा दिल्यावर गोफण माघारी मिळंल?”

“ताबडतोब.”

तिने अंगठा दिला. गोफण हातात घेतली, रानाकडे पाहिलं आणि ती कमरेला खोचली. दाणा संपल्यामुळे त्याच दुपारी भोरड्या लोणी देवकर गावाच्या बाजूला निघून गेल्या.

मी कायम झालो. तो अहवाल मी आजवर पुष्कळांना वाचून दाखवला आहे. तेल करडईचंच का, तिळाचं चाललं असतं का, हळदीचा पोटावर परिणाम होत नाही ना, असं लोक मोठ्या आस्थेने विचारतात. तुमच्याही मनात यातलंच काहीतरी आलं असेल. द्वारकाबाईने त्या वर्षी काय खाल्लं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. आता विचारलंत तरी मला सांगता येणार नाही. मीही तिला विचारलं नव्हतं.