साडेपाच तास पुढचे दिगूभाऊ

भर दुपारी दोन वाजता शेजारच्या दिगूभाऊंच्या ओटीवरून दिवेलागणीचे श्लोक ऐकू आले. बाहेर असं ऊन की जांभ्याच्या पायरीवर पाय ठेववत नव्हता, आणि हा सत्तरीचा माणूस हात जोडून, डोळे मिटून मोठमोठ्याने म्हणत बसलेला.

"दिगूभाऊ, उन्हाने डोकं फिरलं काय?" मी मधल्या दगडी गडग्यावरून विचारलं.

"काय हो आक्का! साडेसात वाजले. वेळ ती वेळ."

मी वाकून बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात खरंच साडेसात झाले होते.

"आपल्या मुली ऑस्ट्रेलियात गेल्यात ना, वीस-वीस षटकांचे सामने खेळायला," ते म्हणाले. "तिथे आता साडेसात. त्या बिचाऱ्या तिथल्या वेळेने जेवणार-झोपणार, आणि आपण इथे आपल्याच वेळेने? बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही ते कोणाला, हे काही मला कळलं नाही. रत्नागिरीतलं घड्याळ ऑस्ट्रेलियातल्या मुलींना दिसणार कुठून?

दिगूभाऊ एसटीच्या आगारात कंट्रोलर होते. सगळी नोकरी भोंग्यापुढे बसून गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाले, पण जीभ आगारातच राहिली. बायकोला चहाला बोलावतानासुद्धा "कुसुम, चहा फलाटावर लागला आहे" असं म्हणतात. जावई एकदा जेवणाला उशिरा आला, तर पानावर बसलेल्या माणसांसमोर त्याला म्हणाले, "देवरूख गाडी अर्धा तास उशिराने धावत आहे." जावई देवरूखचा. तो पुढे वर्षभर आला नाही.

पण क्रिकेट? या माणसाने क्रिकेटचा जन्मभर राग केला. मुलगा मिलिंद लहानपणी अंगणात खेळायचा, तर याने त्याचे चार चेंडू विहिरीत टाकले होते. मग म्हातारपणी एकदम मुलींच्या दौऱ्याचा एवढा कळवळा कुठून आला?

चार दिवसांनी ठाण्याहून मिलिंदचा मला फोन आला.

"काकू, काल पाच वाजता बाबांना फोन केला तर म्हणाले, झोपलोय, उद्या कर. संध्याकाळी पाच वाजता! त्यांचं काही खरं नाही. मी रविवारी येतोय. डोकं ठिकाणावर नसेल तर दोघांना इकडे घेऊन येतो. तोवर तुम्ही नीट बघून ठेवा."

दिगूभाऊ कुठेही राहतील, पण कुसुम? गेल्या वर्षी तिला महिनाभर ठाण्याला नेलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात कळशी घेऊन विहीर शोधत होती. परत आली ती निम्मी होऊन. हल्ली बोलतेही कमी. पुन्हा नेली तर ती काही जगत नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून सामन्याच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या ओटीवर जाऊन बसले. टीव्ही लागलेला, आणि दिगूभाऊंचं पुकारणं चालू.

"आपली एक मुलगी परत आली. दुसरी फलाटावर लागत आहे."

"परत आली म्हणजे बाद ना?"

"वेळेआधी सुटली."

"किती धावा झाल्या?"

"चाललंय."

"जिंकतोय की हरतोय?"

"आक्का, प्रवाशांनी मधे बोलू नये."

एवढ्यात एका मुलीने चेंडू सीमेपार मारला. दिगूभाऊंनी टाळ्या पिटल्या. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण रंग कळतो.

"अहो, ती पिवळी! मघाशी परत गेली तीही पिवळी. आपल्या निळ्या."

"असं होय?" म्हणाले, आणि टाळ्या थांबवल्या.

मी तोंडाकडे बघतच राहिले. ज्या खेळासाठी घरचं घड्याळ फिरवलं, त्यातली आपली माणसंही याला ओळखू येईनात! आणि बघावं तर त्यांचं लक्ष टीव्हीकडे नव्हतंच. स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं.

त्या दारातून कुसुम बाहेर आली. हातात पेटवलेलं निरांजन. तिने घड्याळाकडे बघितलं.

"साडेसात झाले. दिवा लावला हं."

"अगो, दुपारचे दो..." मी म्हणायला गेले, तर दिगूभाऊंनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली.

"अगदी वेळेवर!" ते ओरडले. "एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही!"

कुसुम हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघितलं. ती देवाकडे गेली.

मग दिगूभाऊंनी माझा हात सोडला. आवाज बारीक केला.

"दोन महिने ती दुपारीच दिवा लावतेय, आक्का. आधी मी सांगायचो, कुसुम, चुकलीस. दिवसातून दहा वेळा चुकलीस. मग कोपऱ्यात बसून रडायची. मग पेपरात वाचलं, मुली ऑस्ट्रेलियात. घड्याळ पुढे केलं. तिलाही सांगितलं, दौरा संपेपर्यंत घरात मुलींची वेळ. आता ती चुकत नाही."

"आणि सगळी आळी तुम्हाला वेडा म्हणते."

"मला म्हणते ना? म्हणू दे."

"तुमचा चहा पाणचट असतो," म्हटलं आणि घरी आले.

रविवारी मिलिंद आला. आधी माझ्याकडेच आला.

"तुझ्या बापाला क्रिकेटचं वेड लागलंय," मी सांगितलं. "ते वेड ठाण्यात बरं होतं काय? मग आधी तुमच्या इमारतीतल्यांना बरं कर. आईचं मात्र विसरणं वाढलंय. डॉक्टर इथे आहेत, मी सोबत जाईन. तू दर महिन्याला येत जा. पण तिला हलवू नको. ती विहीर तिथे नाही, मेल्या."

तो दोन दिवस राहिला, आईला डॉक्टरकडे नेऊन आणलं, आणि एकटाच परत गेला.

पुढच्या आठवड्यात दिगूभाऊ गडग्याशी आले. तोंड उतरलेलं.

"आक्का, दौरा संपला. मुली परत निघाल्या. आता कुसुमला काय सांगू?"

पलीकडे अंगणात कुसुम कोकमं वाळत घालत होती. मी आवाज चढवला.

"मुलींचा मुक्काम वाढलाय म्हणे, दिगूभाऊ! अजून सामने उरलेत!"

जन्मभर मी लोकांना तोंडावर खरं सांगून दुखावलं. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे आवाज जरा जास्तच मोठा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीही तुळशीपुढे दिवा नेला. उन्हात ज्योत दिसतही नव्हती. बोट जवळ नेलं तेव्हा चटका बसला, म्हणून पेटल्याचं कळलं.

कुसुम गडग्याशी उभी होती.

"आक्का," ती करड्या आवाजात म्हणाली, "पावणेआठ झाले. एवढा उशीर करतात काय गो?"

"चुकलं बाई," मी म्हटलं.